साय कुठे गेली

पहाटे साडेतीनला नंदनवनच्या चौकात टेम्पो लागतो.
निळे क्रेट, हिरवे क्रेट, मधेच एखादा केशरी.
पिशव्यांना घाम फुटलेला असतो.
एकतीस वर्षं मी तो घाम माझ्या शर्टाला पुसला.

सप्टेंबरात एक दिवस घाम माझाच निघाला.
क्रेट खाली ठेवला, त्याच्यावरच बसलो.
ड्रायव्हर म्हणाला, "गॅस असंन, हटवार काका.
थंडं दूध घ्या न."
घेतलं. दातानं पिशवी फोडून,
माझ्याच दुकानचं, फुकटचं.

धंतोलीत मग पडद्यावर दाखवलं मला माझं आतलं.
करडा नाला, त्याला दोन फाटे, फाट्यांत गाळ.
डॉक्टर खडतकरांनी पेन ठेवला:
"इथे नव्वद टक्के. इथे सत्तर."

टक्के मला शिकवू नका, म्हणावंसं वाटलं.
सहा टक्के, साडेचार, तीन, दीड,
टक्क्यांवरच पोरीचं लग्न केलं मी.

म्हणून विचारलं, पायजमा सावरत:
दुधानं झालं का हो हे?
नातू म्हणतो, कारखान्यात दूध बारीक छिद्रातून दाबतात,
चरबीचा चुरा होतो,
तो चुरा सरळ रक्तात शिरतो अन् नळ्या खरवडतो.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं.
म्हणाले, "गोष्ट जुनी आहे. लोकांनी तपासली, तसं काही निघालं नाही.
तापवल्यानं नाही, दाबल्यानं नाही.
साईचं तूप किती खायचं, त्यावर मात्र आमच्यातच भांडण आहे.
तुम्ही दीड टक्क्याची घ्या.
अन् खर्रा?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.
"दिवसाचे किती?"
"तीन-चार."
"सात," मंदा म्हणाली,
पिशवीतून माझे रिपोर्ट काढता काढता.

झोपेचं कोणी विचारलं नाही.
तीनचा गजर कोणत्या तपासणीत दिसतो?

बाप आठवला स्ट्रेचरवर.
उमरेड रोडला त्याच्या चार गाई.
आम्ही भावंडं कासेखाली तोंड धरायचो,
फेस नाकात जायचा.
ना पिशवी, ना मशीन, ना तारीख छापलेली.
बावन्नाव्या वर्षी तो गोठ्यातच बसला, छातीला हात लावून,
इतका सावकाश, की चरवी कलंडली नाही.
तेव्हा गाईवर संशय घ्यायचं कोणाला सुचलं नाही.
म्हणाले, वेळ आली होती.

आता वस्तीत मी चालता-बोलता पुरावा आहे.
धकाते मॅडम पिशवी हातात धरून विचारतात,
"काका, खरं सांगा, पोरांना देऊ का हे?"
समोरचा जिमवाला पोरगा बदामाचं दूध पितो
अन् माझ्याकडे असं पाहतो
जसं मी वस्तीला विष वाटून राहिलो.
मी सुटे देतो. पिशवी देतो.
उत्तर माझ्या गल्ल्यात नाही.

रात्री मंदा दूध तापवते.
आधी कशी जाडी साय यायची, बोटानं उचलावी अशी,
पोरं वाटीसाठी भांडायची.
आता भांड्यावर नुसती सुरकुती.
"कुठे गेली हिची साय?" ती गॅसलाच विचारते.
मी सांगत नाही की कुठेच गेली नाही,
आतच आहे, सगळीच्या सगळी,
फक्त इतकी बारीक केली तिला
की वर यायचं विसरली.
मंदाही हॉस्पिटलपासून रडली नाही एकदाही.
अर्धा कप ठेवते माझ्यासमोर. साखर नाही.
मी पितो. ती माझा गळा खालीवर होताना पाहत राहते.

क्रेट आता फुलझेल्यांचा पोरगा उचलतो.
मी मोजतो.
खिशाकडे हात जातो, तिथे पुडी नाही, बडीशेप आहे.
आज एक निळी पिशवी फुटली. सहा टक्के.
दूध डांबरावरून गटाराकडे निघालं,
अन् कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं धावत आलं,
चपाचप चाटायला लागलं, डोळे मिटून.
पोरगा हाकलायला उठला.
राहू दे, म्हटलं.
पिऊ दे त्याले.